यंदा पहिल्या आंघोळीला मी नसेन

सातारा,
कोजागरीचा दुसरा दिवस

ती. अण्णा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

पत्र बघून दचकू नका. तब्येत ठणठणीत आहे, शाळा नीट चालू आहे, काकू भाडंसुद्धा वाढवत नाहीत. फोनवर हा विषय काढला की आई "बरं, जेवलीस का?" म्हणते आणि अण्णा फोन तिच्या हातात देऊन बाहेर जातात, म्हणून लिहून पाठवते आहे. अण्णा, चष्मा लावून वाचा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका.

दिवाळीनंतरच्या रविवारी इथे तायक्वांदोची जिल्हा पातळीची स्पर्धा आहे आणि मी फाइटमध्ये नाव दिलं आहे. फॉर्म गेला, फी भरली, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेटही जोडलं. म्हणून यंदा पहिल्या आंघोळीला मी सांगलीत नसेन. लक्ष्मीपूजनालाही नसेन. भाऊबीजेला सकाळच्या एसटीने येते, दादाला ओवाळते आणि दुसऱ्या दिवशी निघते. निघताना तुम्हा दोघांना बरोबर घेऊन निघायचा विचार आहे, त्याबद्दल खाली लिहिलंय.

शाळेला सुट्टी असताना ही तिथे कशाला राहते, असं वाटणार तुम्हाला. सुट्टी आहे म्हणूनच राहते आहे. एरवी शाळा सुटून क्लासला पोचेपर्यंत अंधार पडतो आणि निम्मा वेळ लहान मुलांच्या गर्दीत जातो. सुट्टीत हॉल सकाळीही उघडा असतो, आणि माझ्या उंचीच्या कॉलेजच्या दोन मुली तेव्हाच मोकळ्या असतात. फाइटची तयारी एकटीने होत नाही. पॅडवर किक मारता येते, आरशासमोर पाय हलवता येतात, पण समोरची अंगावर धावून आली की मागे सरकायचं की पुढचा पाय उचलून तिला तिथेच अडवायचं, हे समोर कोणी असल्याशिवाय अंगात मुरत नाही. अण्णा, हे मी तुम्हाला काय सांगू? जोडीदार नसेल तर तालीम नुसता आखाडा, हे तुमचंच वाक्य. आणि शेवटचा आठवडा सर जोराच्या फाइट बंदच ठेवणार आहेत, अंग ताजं राहावं म्हणून. जो काय घाम गाळायचा तो दिवाळीच्या आधीच्या आणि दिवाळीतल्या दिवसांतच.

आता आईच्या भीतीबद्दल. आई, दादाचं जे झालं त्यानंतर आपल्या घरात या विषयावर कोणी बोललंच नाही, आणि तुझ्या पोटात गोळा येतो तो कशाने, हे मला चांगलं कळतं. म्हणून जसं आहे तसं सांगते. या खेळात तोंडावर बुक्की मारायला परवानगीच नाही. कमरेखाली मारायचं नाही, खाली पडलेल्याला मारायचं नाही. अंगावर चेस्ट गार्ड, डोक्याला हेड गार्ड, दातांत माउथ गार्ड, हातापायांना गार्ड. माउथ गार्ड उकळत्या पाण्यात मऊ करून माझ्या दातांच्या मापाने बसवून घेतलाय. चेस्ट गार्डमध्ये सेन्सर असतो आणि पायातल्या मोज्यातही असतो. दोन्ही नीट आणि पुरेशा जोराने भिडले तरच किकचा गुण पडतो. बुक्कीला १, पोटावर-छातीवर किक बसली तर २, गिरकी घेऊन बसवली तर ४. दोन-दोन मिनिटांचे राउंड, मध्ये एक मिनिट विश्रांती, आणि दोन राउंड जिंकले की लढत जिंकली.

डोक्यावर किक चालते. हेही लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कोणाकडून कळलं तर तू जास्त घाबरशील. त्याला ३ गुण असतात, गिरकीची असेल तर ५. पण डोक्याला लागून कोणी खाली गेली तर पंच आकडे मोजतात, आणि ती लगेच उठून उभी राहिली तरी आठपर्यंत मोजल्याशिवाय लढत पुढे नेत नाहीत. तिच्या डोळ्यांत बघतात, ठीक वाटली नाही तर लढत तिथेच संपवतात. माझ्या हेड गार्डचा पट्टा सर स्वतः ओढून बघतात. व्हिडिओ कॉलवर तू माझ्या नडगीवरचा निळा डाग पाहिलास आणि रात्रभर झोपली नाहीस असं दादाकडून कळलं. तो डाग सरावात एकमेकींच्या नडग्या आपटल्याचा. बर्फ लावला, चार दिवसांत गेला. यापेक्षा जास्त काही झालं तर मी तुला सांगेन. शपथ.

अण्णा, आता तुमच्याशी वजनाबद्दल बोलायचंय, कारण दादा म्हणाला तुम्ही विचारत होता.

माझं वजन साठच्या आसपास आहे. सर म्हणाले, थोडं उतरवलंस तर ५७ च्या आतल्या गटात बसशील, तिथे तुझी उंची उपयोगी पडेल. मी नाही म्हटलं आणि ६२ च्या आतल्या गटात नाव दिलं. या गटातल्या मुली माझ्यापेक्षा ताकदीच्या असतील, वयाने तर दहा-बारा वर्षांनी लहान असतील, हे मला माहीत आहे. पण पाणी तोडून, जेवण तोडून मॅटवर उभं राहायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. आजी सांगायची, कॉलेजच्या स्पर्धेआधी तुम्ही भर उन्हात घोंगडं पांघरून बांधावरून पळायचात आणि रात्री नुसत्या लिंबाच्या फोडी चोखत पडायचात. आणि २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट कुस्तीच्या फायनलच्या दिवशी सकाळी ५० किलोला १०० ग्रॅम जास्त भरली, तेव्हा तुम्ही टीव्ही बंद करून गच्चीवर जाऊन बसलात. रात्रभर पळून, केस कापूनही ते १०० ग्रॅम उतरले नाहीत. तुम्ही त्या दिवशी काही बोलला नाहीत, पण मी तेव्हाच समजले.

शिवाय वरच्या गटात जाणं म्हणजे हरायला जाणं नव्हे, हेही तुम्हीच शिकवलंय. लहान असताना ऑलिंपिकवीर पैलवान खाशाबा जाधवांचं गाव दाखवायला म्हणून तुम्ही मला आणि दादाला कराडला एसटीतून उतरवलंत आणि गोळेश्वरला नेलंत. दादाला उसाचा रस हवा होता, मला घरी जायचं होतं, आणि तुम्ही मात्र सांगत होता, खाशाबा १९४८ ला लंडनला फ्लायवेटला खेळले, ५२ किलोत, सहावे आले. मग १९५२ ला हेलसिंकीला त्याच्या वरच्या गटात, ५७ किलोत उतरले आणि कांस्य घेऊन आले. तेव्हा मला त्यातलं काही कळलं नव्हतं. फॉर्मवर वजनगट लिहिताना सगळं आठवलं. मी खाशाबांच्या पायाच्या धुळीलाही लागत नाही, पण रस्ता तर त्यांनीच घालून दिलेला आहे.

तुम्हाला एक गोष्ट पटणार नाही. इथे पकडायचं नाही. समोरचीला धरलं, ढकललं, रेषेबाहेर गेलं, स्वतःहून खाली पडलं, की पंच तिला एक गुण देतात, आणि एका राउंडमध्ये असं पाच वेळा झालं की राउंडच गेला. सुरुवातीला मी जवळ गेले की हात आपोआप समोरचीच्या मानेकडे जायचे. सर विचारायचे, कुठून शिकलीस? मी म्हणायचे, घरातून. ती सवय आता मोडली. पण एक तुमचं जसंच्या तसं ठेवलंय: पहिला डाव समोरच्याला टाकू द्यायचा आणि तो टाकताना त्याचा तोल कुठे जातो ते बघायचं. या मुली वेगाने येतात. येताना त्यांचं सगळं वजन पुढच्या पायावर असतं. मला तेवढंच पुरतं.

चेस्ट गार्डच्या नाड्या पाठीमागे असतात, आपल्या आपल्याला बांधता येत नाहीत. क्लासमधली बारावीतली एक मुलगी माझ्या बांधते. गाठ मारताना गुडघा माझ्या पाठीला लावते आणि दोन्ही हातांनी खेचते. आई, तू शाळेत जायच्या आधी माझ्या वेण्या अशाच खेचून बांधायचीस, डोळ्यात पाणी यायचं, आणि मग लाल रिबिनीचं फूल करून गालाला बोट लावायचीस. ती मुलगी गाठ मारते तेव्हा मी दर वेळी थोडी तुझ्याजवळ असते.

शिरवळचं सगळं संपवून मी घरी आले तेव्हा तुम्ही दोघांनी मला एकही प्रश्न विचारला नाहीत. आई, तू माझी गादी आतल्या खोलीत घातलीस. अण्णा, तुम्ही सकाळी स्वतः दूध तापवून माझ्यासमोर ठेवलंत. त्याबद्दल मी कधी बोलले नाही, आजही नीट बोलता येणार नाही. पण त्यानंतर इथे नोकरी लागली आणि एका संध्याकाळी शाळेतल्या मुलीला क्लासला सोडायला गेले ती तिथेच बसून राहिले. दुसऱ्या दिवसापासून मीही जाऊ लागले. रात्रभर सलग झोप मला त्यानंतर लागायला लागली. तेहतिसाव्या वर्षी हे कशाला, असं मावशी म्हणते. तिला सांगा, याचसाठी. तुम्ही मला सांभाळलंत, पण मॅटवर दोन मिनिटं मला मीच सांभाळायचं असतं, आणि ते जमतंय.

इथलं सगळं व्यवस्थित आहे. खोलीत सकाळचं ऊन येतं, गिझरला चोवीस तास पाणी. काकू रोज दोन ज्वारीच्या भाकऱ्या आणि भाजी देतात, मी वर मटकीची उसळ किंवा अंडी करून घेते. तू दिलेलं खपलीचं पीठ अजून आहे, रविवारी त्याचीच खीर केली होती. अण्णांच्या पद्धतीने रात्री बदाम भिजत घालते. अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर पळायला जाते, पण उजाडल्यावरच, आणि तेव्हा निम्मा सातारा तिथे चालायला आलेला असतो. बिबट्याची बातमी वाचून तू केलेल्या फोननंतर तर मी क्लासच्या मुलींबरोबरच जाते. घोट्याला पट्टा बांधून पळते. रात्री साडेनऊला दिवा बंद.

फराळाचा डबा आत्ता पाठवू नकोस. रागावू नकोस, तुझ्या चकलीसाठी जीव कासावीस होतो, पण स्पर्धा होईपर्यंत तळलेलं आणि गोड बंद आहे. पातळ पोह्यांचा चिवडा, तेल कमी घालून, दादाबरोबर थोडा पाठवलास तर चालेल. बाकीचं माझ्या वाटणीचं वेगळं काढून ठेव. स्पर्धा झाली की मी बसून खाईन, तू नको म्हणेपर्यंत. अनारसे मात्र दादाच्या पोरांच्या हाती लागू देऊ नकोस.

आणि आता तुम्ही दोघांनी ऐकायचं.

अण्णा, आकाशकंदील लावायला स्टुलावर चढायचं नाही. शेजारचा ओंकार येऊन लावेल, मी त्याला फोन केलाय. ऑपरेशन झालेल्या डोळ्यात थेंब डॉक्टरांनी लिहिलेत तितके दिवस घालायचेच, "आता स्वच्छ दिसतंय" म्हणून बंद करायचे नाहीत. फटाक्यांच्या धुरात अंगणात बसायचं नाही. पाण्याची बादली उचलायची नाही, ती आईनेही नाही. बीपीची गोळी सकाळची सकाळीच.

आई, चकल्या करायला खाली मांडी घालून बसू नकोस. ओट्याशी उंच खुर्ची घे आणि गॅसवर तळ. चारच पदार्थ कर. कोणी काही म्हणणार नाही, आणि म्हणालं तर माझं नाव सांग. सणाच्या दिवशी पाहुणे आले म्हणून जेवणाआधीची गोळी जेवणानंतर घ्यायची नाही. उपाशीपोटीची साखर लक्ष्मीपूजनाच्या आधी तपासून घ्यायची आणि आकडा मला कळवायचा. दादाला विचारून खात्री करून घेणार आहे.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मात्र तुम्ही माझ्याबरोबर साताऱ्याला यायचं. एसटीनेच जाऊ. रेल्वे स्टेशन गावाबाहेर माहुलीकडे पडतं, तिथून परत रिक्षा करा, त्यापेक्षा एसटी बरी, आणि तुम्हा दोघांनाही अर्धंच तिकीट. आधार कार्ड विसरू नका. माझा पलंग आईला, अण्णांना दिवाण, मी खाली गादीवर. इथे कमोड आहे, त्यामुळे आईच्या गुडघ्यांची काळजी नाही. अण्णांची सुपारी इथे मिळते, ओझं नको. शनिवारी वजन होईल, तेव्हा मी थोडी चिडचिडी असेन, मनावर घेऊ नका.

आई, तुला बघवणार नसेल तर हॉलच्या बाहेर सावलीत बस, काकू तुझ्याजवळ बसतील. पण ये. अण्णा, तुम्ही आत बसायचं, पहिल्या रांगेत. पंचांवर ओरडायचं नाही, कोपऱ्यातून सूचना फक्त सरांनी द्यायच्या असतात. तुमचा आवाज मी लांबूनही ओळखते, त्यामुळे माझं लक्ष जाईल. राउंडच्या मधल्या मिनिटात मी तुमच्याकडे बघेन तेव्हा नुसती मान हलवा. दमून आल्यावर मॅटच्या कडेला काय दिसतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

हरले तर हरले म्हणून सांगेन आणि आपण तिघं मिसळ खाऊन घरी जाऊ. जिंकले तरी मिसळच.

दादा-वहिनींना नमस्कार, पोरांना पापा.

तुमची,
वैशू

ता. क. – अण्णांच्या गोळ्यांची पिशवी आणि थेंबांची बाटली आदल्या रात्रीच बॅगेत टाका. मागच्या वेळी ती देवघरात राहिली होती आणि रविवारी इथे दुकानं उशिरा उघडतात.