भिंती चालवायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमच्यासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "पत्ते पिस आधी" म्हणून विषय संपवता. म्हणून हे उघड पत्र. काकू म्हटलेलं तुम्हाला खपत नाही हे न्यू जर्सीतल्या आपल्या टेबलाला एव्हाना पाठ झालंय, तेव्हा ताईच.

'मॅजिक: द गॅदरिंग' हा आपला जादूच्या लढाईचा पत्त्यांचा खेळ 1993 पासून चालू आहे. आजवर 25,000 हून जास्त वेगवेगळे पत्ते निघाले आणि त्यातल्या बहुतेकांना कुणी हात लावत नाही. दुकानात शुक्रवारी येणारे बरेच जण इंटरनेटवरची तयार यादी घेऊन येतात. डेक, म्हणजे खेळायला जमवलेला पत्त्यांचा गठ्ठा, चांगला चालतो, पण चार टेबलांवर तोच डेक दिसतो. तुम्ही मला यादी दिली नाहीत. मागच्या भिंतीशी ते लांब पांढरे पुठ्ठ्याचे खोके असतात ना, ज्यातला पत्ता चिल्लरमध्ये मिळतो, तिथे नेऊन बसवलंत. अट एकच घातलीत: पत्ता कितीही रद्दी वाटला तरी पूर्ण वाचल्याशिवाय खाली ठेवायचा नाही.

त्यात 'वॉल ऑफ आइस' हाती लागली. 1994 च्या रिव्हाइज्ड आवृत्तीतली, पांढऱ्या कडेची, आणि त्या आवृत्तीची छपाई मुळातच फिकी. मधोमध 'समन वॉल' एवढंच. नियमाच्या जागी इंग्रज कवी कोलरिजच्या कवितेच्या चार ओळी. उजव्या कोपऱ्यात 0/7, म्हणजे मारायची ताकद शून्य आणि मार सोसायची सात. मी तो परत खोक्यात टाकणार, तेवढ्यात तुम्ही विचारलंत, "हिने हल्ला करायचा नाही असं कुठे लिहिलंय दाखव बरं."

कुठेच लिहिलेलं नव्हतं. तेव्हा भिंतीने हल्ला करायचा नाही हे तिच्या जातीतच धरलेलं होतं, हे तुमच्याकडून कळलं. 2004 मध्ये 'चॅम्पियन्स ऑफ कामिगावा'च्या वेळी नियम बदलला, 'डिफेंडर' (म्हणजे हल्ला करू न शकणारा) हा शब्द आला आणि जुन्या सगळ्या भिंतींच्या अधिकृत मजकुरात तो घातला गेला. हातातल्या पत्त्यावर छापलेला नसला तरी आहे असंच धरून खेळायचं. मला हे निव्वळ कारकुनी काम वाटलं असतं. पण तुम्ही लगेच तुमच्या बाइंडरमधून आर्केड्स काढून त्या भिंतीशेजारी ठेवलात.

'आर्केड्स, द स्ट्रॅटेजिस्ट' हा ड्रॅगन 2018 चा. डिफेंडरवाला कुठलाही प्राणी तुमच्या बाजूने उतरला की तुम्ही एक पत्ता ओढायचा. शिवाय डिफेंडरवाले हल्ला करू शकतात, आणि मार देतात तो सोसायच्या आकड्याएवढा. म्हणजे तीन मानाची (माना म्हणजे पत्ता उतरवायला मोजावी लागणारी जादूची शक्ती) ती फिकट भिंत आता सातचा तडाखा देणार! एका मानाची 'वॉल ऑफ वूड' तीनचा. जुन्या पत्त्यांवर तेव्हा तो शब्द चढवला नसता तर चौदा वर्षांनी आलेल्या या ड्रॅगनला त्या भिंती दिसल्याच नसत्या.

त्या शुक्रवारचा डाव आठवतो ना? समोरच्याचा डेक मांजरांचा, वाघसिंहांसकट. मी तीन भिंती आडव्या करून हल्ला जाहीर केला, आणि तुम्ही हळूच म्हणालात, "आळंदी." आपण दोघं इतके हसलो की बाकीच्या दोघांना वाटलं आपण काहीतरी फसवतोय. त्यांना ज्ञानेश्वर आणि चांगदेव समजावून सांगताना तुमचा कमांडर, म्हणजे डेकचा म्होरक्या पत्ता, मरायचा राहिला, हा मला झालेला एकमेव तोटा.

पुढचं जास्त उपयोगाचं होतं. आर्केड्स मेला की भिंती पुन्हा भिंती, हे सगळ्यांना दोन डावांत कळलं आणि जो तो आधी त्यालाच उडवायला लागला. मी 1998 चं 'रोलिंग स्टोन्स' शोधून आणलं, त्याने भिंतींना हल्ला करता येतो. तुम्ही वाचलंत आणि म्हणालात, "हलतील रे, पण मारतील काय? कपाळ?" खरंच, त्यात मार वाढवायचं काहीच नाही. मग 'हाय अलर्ट' आणि 'असॉल्ट फॉर्मेशन' तुम्ही स्वतःच्या डेकमधून काढून दिलेत. पहिलं एकटंच दोन्ही कामं करतं. दुसरं मार वाढवतं, म्हणून 'रोलिंग स्टोन्स'सोबत जोडी जमते. तुमचा डेक त्यामुळे लंगडा झाला हे मला नंतर तिसऱ्याकडून समजलं.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. आपण खेळतो त्या 'कमांडर' प्रकारात शंभर पत्ते आणि माना देणाऱ्या साध्या लँड सोडल्या तर प्रत्येकाची एकच प्रत का, असं मी कुरकुरत होतो. तुम्ही 1994 च्या 'लेजेंड्स'मधले पाच एल्डर ड्रॅगन मांडून दाखवलेत, ज्यांच्यावरून या प्रकाराला आधी 'एल्डर ड्रॅगन हायलँडर' म्हणत. त्यात 'आर्केड्स सॅबथ' होता. उतरवायला आठ माना, वर दर फेरीला आणखी तीन भरा नाहीतर गेला. पण हल्ला न करणाऱ्या, उभ्या प्राण्यांना तो +0/+2 देतो, म्हणजे भिंतींचं वेड त्याला पहिल्यापासूनच. आणि एकेकच प्रत घ्यायची म्हटल्यावर चांगले पत्ते लवकर संपतात, मग माणूस झक मारत खोक्याकडे जातो. हे तुम्ही सांगितलंत तेव्हापासून माझी कुरकुर बंद आहे.

आता एक विनंती. खोक्यात 'बेनॅलिश हीरो' मिळालाय आणि त्यावर 'बँडिंग' आहे. मी नियम वाचला, परत वाचला, मग रूममेटला वाचायला दिला. आता आमचं बोलणं बंद आहे. या शुक्रवारी जरा लवकर याल का? आईने पाठवलेल्या चकल्या आणतो.

तुमचा,
कोपऱ्यातल्या खुर्चीवरचा भिंतीवाला