फोटो ठाण्यातूनच निघतो, साहेब

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या एका दैनिकात मी 22 वर्षं उपसंपादक होतो. त्यातली बरीचशी वर्षं रात्रपाळीत गेली, आणि रात्रपाळी म्हणजे गुन्ह्यांचं पान. ज्या गोष्टीबद्दल तक्रार करायला बसलो आहे, ती मी स्वतः केलेली आहे, हे आधीच सांगून टाकतो.

तो फोटो तुम्ही पाहिलाच असेल. टेबलावर मुद्देमाल: चार मोबाईल, एक गुप्ती, नोटांची छोटी चवड. मागे डीबी, म्हणजे ठाण्याच्या गुन्हे शोध पथकाचे सहा-सात जण ओळीने उभे, मध्ये खुर्चीत पीआय साहेब. पुढे फरशीवर उकिडवे बसवलेले दोघं-तिघं, त्यातल्या एकाच्या पायात चप्पल नाही. पूर्वी यासाठी आमचा फोटोग्राफर ठाण्यात जायचा. आता फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो, कधी कधी प्रेसनोटच्याही आधी. क्वचित तोंडावर काळं कापड असतं, पण खाली नाव, वय आणि वस्ती छापलेली असतेच. मोहल्ल्याला ओळखायला आणखी काय लागतं?

रात्री साडेअकराला आम्ही ठाण्यात एक फोन हमखास करायचो. "साहेब, पोरगा अठराच्या आतला तर नाही ना?" बाल न्याय कायदा, 2015 मधलं कलम 74 आहे, अल्पवयीनाची ओळख छापली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणून ही काळजी. पलीकडून "अठरा पूर्ण" असं आलं की फोटो पानात. यानं खरंच केलंय का, असं त्या फोनवर कुणी कधी विचारलं नाही. मीही नाही.

गेल्या महिन्यात एक तरुण घरी आला. आठ वर्षांपूर्वी सीताबर्डीत मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. दुरुस्तीला आलेला एक फोन चोरीचा निघाला आणि हा चोरांच्या टोळीसोबत फरशीवर बसला. फोटो मीच लावला होता, तीन कॉलम. चार वर्षांनी कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. आता तो पार्सल पोचवायचं काम करतो. निकालाची प्रमाणित नक्कल त्यानं लॅमिनेट करून घेतली आहे आणि ती गाडीच्या डिक्कीत, रेनकोटच्या खाली असते. नवा मालक, नवा घरमालक, सोयरिकीला आलेले पाहुणे, कुणीतरी मोबाईलवर त्याचं नाव टाकून पाहतंच. मग तो डिक्की उघडतो.

"काका, तुम्ही पेपरात होते ना? तो फोटो काढता येते का तिथून?"

मी जुन्या ऑफिसात विचारलं. जुन्या अंकाला हात लावत नाही, असं उत्तर आलं. सुटकेची बातमी तरी लावा म्हटलं, तर ती शिळी. आणि खरं सांगायचं तर तेव्हाही ती आमच्यापर्यंत आलीच नव्हती. अटकेची प्रेसनोट त्याच संध्याकाळी येते. निर्दोष सुटल्याची प्रेसनोट काढणारं ठाणं मी तरी पाहिलं नाही.

गंमत बघा. फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा, 2022 पोलिसांना अटकेतल्या माणसाचे ठसे, फोटो घेऊ देतो. पण त्याच कायद्यात असंही आहे, की पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला आणि अपिलं संपली, की न्यायालयानं वेगळं सांगितलं नसेल तर ही नोंद नष्ट करायची. म्हणजे सरकारच्या कपाटातला फोटो जायला हवा. आणि तुमच्याच शिपायानं मोबाईलवर काढून ग्रुपवर टाकलेला? तो जन्मभराचा.

हे सगळं नियमात बसतं असंही नाही. 1 एप्रिल 2010 रोजी केंद्रीय गृह मंत्रालयानं राज्यांना कळवलं होतं, की अटक केलेल्यांना माध्यमांपुढे मिरवू नका आणि ज्यांची ओळख परेड व्हायची आहे त्यांचे चेहरे दाखवू नका. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांनी माध्यमांना माहिती कशी द्यावी याची नियमावली तीन महिन्यांत तयार करा, असं केंद्राला सांगितलं. ओळख परेडचं तर साधं गणित आहे. तुरुंगात नायब तहसीलदारासमोर साक्षीदारानं माणूस ओळखायचा, आणि उलटतपासणीत वकील विचारणार, "पेपरात फोटो पाहिला होता का?" साक्षीदार "हो" म्हणाला, की तपास अधिकाऱ्याची मेहनत पाण्यात. खरा गुन्हेगारही असाच सुटतो. पीआय साहेबांचा फोटो मात्र चांगला आलेला असतो.

कुणी म्हणेल, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 37 नुसार अटक केलेल्यांची नावं ठाण्यात लावावीच लागतात, मग लपवायचं काय? ती नावं माणूस कुठे आहे हे घरच्यांना कळावं, कुणाला गुपचूप डांबून ठेवता येऊ नये म्हणून लावायची. कलमात चेहऱ्याचा उल्लेख नाही. दुसरा आक्षेप मला पटतो. नोकरीच्या आमिषानं शंभर घरं बुडवणाऱ्याचा फोटो आला तर आणखी फसलेले लोक पुढे येतात. मीच ते होताना पाहिलं आहे. अशा वेळी पोलीस उपायुक्तांनी कारण लिहून सही करावी आणि द्यावा फोटो. फरार असेल तर जरूर द्यावा. पण असे आरोपी फरशीवर बसलेले मला फारसे आठवत नाहीत. त्यांचे फोटो कुठल्यातरी सत्कारातले असतात, कोट घातलेले, हसरे.

वर्तमानपत्रांवर बंधन घाला, असं मी म्हणत नाही. तसा कायदा आणलात तर त्याच्याविरुद्ध पहिलं पत्र मीच लिहीन. सरकारनं संपादकाच्या टेबलाशी येऊ नये. ठाण्याचं दार मात्र तुमचं आहे. एक परिपत्रक काढा: दोष सिद्ध होईपर्यंत, उपायुक्तांनी कारण लिहून सही केल्याशिवाय अटकेतल्या माणसाचा फोटो ठाण्यातून कुठल्याही ग्रुपवर जाणार नाही, गेला तर पाठवणाऱ्याची चौकशी. आणि ज्या ठाण्यानं अटकेची प्रेसनोट काढली, त्यानंच निकालाचीही काढावी, त्याच ग्रुपवर. छापायची की नाही ते आम्ही बघू. आम्ही म्हणजे, आता माझ्या खुर्चीत जो बसतो तो.

डिसेंबरात अधिवेशनासाठी तुम्ही नागपुरात असाल. वेळ दिलीत तर मी येईन. त्या तरुणालाही आणायचा विचार होता. परवा हे पत्र त्याला वाचायला दिलं. त्यानं सावकाश वाचलं, शेवटपर्यंत, आणि एवढंच विचारलं, "काका, माझं नाव नाही ना टाकलं?"

आपला,
एक निवृत्त उपसंपादक, नागपूर