पांढरी तीनवरून काळी एक

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं की एवढं काय ऐकत असतेस गं सारखं कानात घालून, आणि मी नुसतं "गाणी" म्हणून विषय बदलला. नंतर रात्रभर ते मला लागून राहिलं, कारण उत्तर मोठं आहे आणि खरं तर ते तुम्हा दोघांनाच सांगायला हवं. फोनवर जमत नाही, बाबांना नीट ऐकू येत नाही आणि मग आई मध्येच जेवलीस का विचारते, म्हणून लिहितेय. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा, एका दमात नाही वाचलं तरी चालेल.

मी ऐकते तो अल्बम आहे ब्लॅक सॅबथचा मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी, १९७१ सालचा. ही पोरं इथलीच, बर्मिंगहॅमची, माझ्या रूमपासून बसने अर्ध्या तासावर अ‍ॅस्टन म्हणून भाग आहे तिथली. आई, बँडचं नाव ऐकून तुला कॉलेजच्या वेळचं आठवेल, माझ्या खोलीतून आवाज आला की तू म्हणायचीस भुताखेताचं काय लावलंयस, तिन्हीसांजेला बंद कर ते. तेव्हा मी दार लावून घ्यायचे, समजावून कधी सांगितलं नाही. आज सांगते.

ह्या बँडचा गिटारवाला टोनी आयोमी. सतरा वर्षांचा असताना तो पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता आणि तो त्याचा तिथला शेवटचा दिवस होता, पुढे बँडबरोबर बाहेर जायचं ठरलं होतं. दुपारी घरी जेवायला आला तेव्हा परत जायचंच नाही म्हणत होता, पण आईने सांगितलं की काम नीट पुरं करून ये, म्हणून गेला. त्या दिवशी त्याला त्याच्या नेहमीच्या कामावर न ठेवता वेगळ्याच मशीनवर उभं केलं, कारण तिथलं माणूस आलं नव्हतं. प्रेस खाली आला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे उजव्या हातानेच तारा दाबायचा.

बाबा, मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा सेकंड इयरला होते, आणि वाचून पुस्तक खाली ठेवलं आणि बाहेर येऊन तुमच्याकडे बघत बसले होते, तुम्ही पेपर वाचत होतात, तुम्हाला कळलंही नसेल. तुमचंही तसंच ना. भोसरीच्या त्या प्रेस शॉपमधे तुमची मशीन वेगळी होती, दुसऱ्या लाइनचा माणूस सुट्टीवर म्हणून तुम्हाला तिकडे उभं केलं, आणि त्या प्रेसचा गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून असलेलं झाकण, माल लवकर निघावा म्हणून काढून ठेवलेला होता. हे मला तुम्ही नाही सांगितलं, शिंदेकाकांनी सांगितलं, कितीतरी वर्षांनी. आता मी स्वतः क्वालिटीत काम करते, रोज शॉप फ्लोअरवर असते, आणि गार्ड उघडला की मशीन जागच्या जागी थांबते हे रोज बघते, आणि प्रत्येक वेळी मला तुमची तर्जनी आणि मधलं बोट आठवतं. एका पेराएवढीच गेली म्हणून लोक म्हणाले थोडक्यात निभावलं. थोडक्यात कसं, पेटी गेली ना तुमची.

आयोमीला डॉक्टरांनी सांगितलं की गिटार विसर. तो घरी बसला होता खचून, तेव्हा कारखान्यातले त्याचे साहेब एक रेकॉर्ड घेऊन आले, म्हणाले ऐक. हा म्हणाला मला काही ऐकायचं नाही. साहेबांनी ऐकवलीच आणि मग सांगितलं की हा वाजवणारा दोनच बोटांनी वाजवतो. तो होता गिटारवाला जँगो राइनहार्ट, त्याचा हात आगीत भाजला होता. मग आयोमीने काय केलं तर भांडी घासायच्या लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवली, त्या प्लास्टिकच्या बोटांना बसतील अशा टोप्या केल्या, घासून घासून मापात आणल्या, आणि नुसतं प्लास्टिक तारेवरून घसरतं म्हणून वर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं.

आई, तुला आठवतं? बाबांची बोटं थंडीत स्कूटर चालवताना ठणकायची, तेव्हा तू त्यांच्या जुन्या पाकिटाचं चामडं कापून दोन टोप्या शिवल्या होत्यास, आत कापूस घालून. जाड दाभणाने शिवताना तुझ्या अंगठ्यात सुई गेली होती आणि तू तशीच शिवत राहिलीस. मी शेजारी बसून होमवर्क करत होते. टाके सगळे आतल्या बाजूने घेतले होतेस, बाहेरून टोचू नयेत म्हणून.

आता अल्बमचं सांगते, कारण खरी गंमत इथे आहे, आणि बाबांना हे लगेच कळेल. टोप्या घालूनही त्याला तारा दाबताना दुखायचं, म्हणून त्याने आधी पातळ तारा लावल्या, आणि ह्या तिसऱ्या अल्बमला येईपर्यंत त्याने काही गाण्यांत गिटारच खाली उतरवली. तार सैल केली की कमी जोर लागतो, बोटाला कमी त्रास. किती उतरवली तर तीन अर्धे स्वर, म्हणजे पेटीवर सांगायचं तर जी तार पांढरी तीनला लागते ती काळी एकला आणली. आणि बास वाजवणारा गीझर बटलर, त्यानेही आपली गिटार तेवढीच खाली आणली, त्याची बोटं धडधाकट असूनही. सैल तार हलते जास्त, आवाज जाड होतो, खोल होतो, खोलीतल्या फरशीतून पायात येतो. चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह, लॉर्ड ऑफ धिस वर्ल्ड आणि इन्टू द व्हॉइड ही ती तीन गाणी. पुढे जगभरच्या किती बँडनी हा आवाज उचलला, त्यांची बोटं शाबूत असताना मुद्दाम तारा उतरवल्या, कारण त्यांना तो आवाज हवा होता. आणि सुरुवात झाली ती एका माणसाचं बोट दुखत होतं म्हणून.

लोक पॅरानॉइड हा त्यांचा दुसरा अल्बम मोठा मानतात, त्यात गाजलेली गाणी जास्त आहेत हेही खरं. मला तरी हाच वरचा वाटतो आणि ह्यावर मी इथल्या मित्रमंडळींशी तावातावाने भांडलेय. पॅरानॉइडमधे ते अजून शोधतायत, काय आपलं आहे ते. इथे त्यांना सापडलंय. सगळा मिळून चौतीस मिनिटांचा, आठ तुकडे, त्यातले दोन तर नुसते वाजवलेले छोटेसे. एम्ब्रियो जेमतेम अर्ध्या मिनिटाचं, आणि ते संपता संपता चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह सुरू होतं ते घोड्यासारखं, बिल वॉर्डचा ड्रम असा काही मागे लागतो की बसलेला माणूस उठून उभा राहतो. ते गाणं लढाईविरुद्ध आहे, पोरांनी उठून जग बदलावं म्हणणारं. लोकांना वाटतं मेटल, म्हणजे ह्या बँडसारखं जड रॉक संगीत, हा नुसता आरडाओरडा, पण इथे ओरडणं फार कमी आहे, गाणारा ऑझी सरळ सरळ म्हणतो, आवाज पातळ, थोडा रडवेला, आणि खालून एवढा जड डोंगर चालत असताना तो पातळ आवाज वर तरंगतो हेच मला सगळ्यात आवडतं.

आई, पहिलं गाणं गांजावर आहे. लपवत नाही तुझ्यापासून. सुरुवातीला खोकल्याचा आवाज येतो तो आयोमीचाच, ओढताना ठसका लागलेला. त्या पोरांनी तेव्हा नको ते सगळं केलं आणि पुढे त्याची किंमतही मोजली, त्यातलं मला काही घ्यायचं नाही, मी फक्त वाजवणं ऐकते, एवढा विश्वास ठेव. पण दुसरं गाणं, आफ्टर फॉरएव्हर, ते तुला समजलं तर तू मला परत कधी भुताखेताचं म्हणणार नाहीस. गीझर बटलर कॅथलिक घरातला, बहुतेक गाणी तोच लिहायचा, आणि ह्या गाण्यात तो विचारतो की देवाला नावं ठेवताय, पण मरणाच्या दारात उभे राहिलात तर काय म्हणाल. तेव्हा लोक ह्यांना सैतानाची पूजा करणारे म्हणत होते!

दुसऱ्या बाजूला सॉलिट्यूड आहे, एकटेपणाचं गाणं. त्यात आयोमी बासरी वाजवतो. ऑझी इतक्या हळू आवाजात गायलाय की कित्येकांना वर्षानुवर्षं वाटत होतं की गाणारा दुसराच कोणी, बिल वॉर्ड असेल. मी इथे आले तो पहिला हिवाळा, दुपारी चारला अंधार, घरमालकीण सोडली तर कोणाशी बोलणं नाही, तेव्हा हे गाणं मी किती वेळा ऐकलंय. त्या दिवसांत मी तुम्हाला फोनवर सांगायचे की मजेत आहे. नव्हते.

शब्दांच्या बाबतीत मात्र मी मान्य करते की काही ठिकाणी फारच भाबडे आहेत, यमक जुळवायला काहीही आणलंय, लॉर्ड ऑफ धिस वर्ल्डमधे जास्तच. पण ती पोरं विशीबाविशीतली होती. ऑझी कधी कत्तलखान्यात कामाला होता, कधी मोटारीचे हॉर्न तपासायला, त्याचे वडील टूलमेकर, रात्रपाळी करणारे. आपल्या वस्तीतल्यासारखीच घरं. त्या वेळच्या बऱ्याच समीक्षकांनी ह्यांना हिणवलं, तरी अल्बम इंग्लंडात पाचव्या नंबरला गेला, अमेरिकेत आठव्या.

ऑझी गेला २२ जुलै २०२५ ला. त्याआधी ५ जुलैला अ‍ॅस्टनमधेच व्हिला पार्क स्टेडियममधे त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला, चौघे मूळचे एकत्र, वीस वर्षांनी. मला तिकीट मिळालं नाही, पैसे भरून मोबाईलवर बघितला. ऑझीला पार्किन्सन्स, उभं राहता येत नव्हतं, सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. चारच गाणी केली, त्यात मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटीतलं एकही नव्हतं, ह्याचं मला खूप वाईट वाटलं, एक इन्टू द व्हॉइड तरी घ्यायला हवं होतं. पण मी बघत होते आयोमीचा हात. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, कॅमेरा जवळ गेला की त्या दोन टोप्या दिसायच्या. ३० जुलैला ऑझीची अंत्ययात्रा ब्रॉड स्ट्रीटवरून गेली, तिथे एका पुलालाच ह्या बँडचं नाव दिलंय, त्यावर चौघांचे चेहरे असलेलं बाकडं आहे. मी हाफ डे टाकून गेले होते. पुढे ब्रास बँड, दोन्ही बाजूला माणसंच माणसं, आजोबा लोक टी-शर्ट घालून रडत होते. मला पालखीच्या वेळची आपली गर्दी आठवली.

बाबा, आता मुद्द्यावर येते. मी नववीत असताना एकदा रात्री पाणी प्यायला उठले होते. तुम्ही अंधारात पेटी पुढे घेऊन बसला होतात. भाता मारत नव्हतात. नुसत्या पट्ट्या दाबत होतात, आवाज काही नाही, फक्त लाकडाचं टकटक, आणि दोन बोटं काळ्या पट्टीपर्यंत पोचली की अडत होती, परत परत तिथेच. मी तशीच मागे फिरले. दुसऱ्या आठवड्यात पेटी आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर गेली, आणि भजनी मंडळात तुम्ही टाळ घेऊन मागे बसायला लागलात. आजही मागेच बसता ना.

मंडळाची पट्टी काळी चार, त्यात तुम्हाला काळ्या पट्ट्यांवर सारखं जावं लागतं आणि आखूड बोट तिथे पुरत नाही, हे मला आता कळतं. पण स्केल चेंजर पेटी असते ना, तिच्यात सगळी पट्टी सरकवता येते. तुम्ही पांढरी एक धरून वाजवायचं, शुद्ध स्वर सगळे पांढऱ्यावर, आणि आवाज निघेल मंडळाच्या काळी चारमधेच. काळीवर जायला लागलंच तर अंगठ्यालगतची दोन बोटं सोडून अनामिकेने जायचं, मी यूट्यूबवर बघितलंय, सवयीने जमतं. त्या माणसाने बोटांना जमेल तशी गिटार करून घेतली, मग पेटी का नाही करून घ्यायची? पैशाचा विषय काढू नका, माझा बोनस तसाच पडून आहे. दादाला मी सांगितलंय, तो रविवारी तुम्हाला पुण्यात दुकानात घेऊन जाईल, तुम्ही स्वतः हात लावून बघा, पसंत पडली तरच घ्या, पण जा. एवढं माझ्यासाठी करा.

आणि जायच्या आधी दादाच्या गाडीत सॉलिट्यूड लावायला सांगा, फक्त तेवढंच, पाच मिनिटांचं आहे. आईलाही बसवा मागे.

आई, त्या दोन चामड्याच्या टोप्या अजून आहेत का गं? शिलाईच्या डब्यात, बटणांच्या खाली असायच्या. सापडल्या तर फोटो पाठव.

तुमची,
मनू