मागे घेतलेल्या संशोधनाचीही बातमी द्या

महोदय,

अल्झायमरवरचा 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकातला २००६ सालचा गाजलेला शोधनिबंध जून २०२४ मध्ये मागे घेतला गेला. मेंदूतल्या 'अमायलॉइड' प्रथिनाच्या एका विशिष्ट प्रकारामुळे उंदरांची स्मृती जाते, असा त्यात दावा होता. चित्रांत फेरफार झाल्याचे आरोप २०२२ मध्येच जाहीर झाले होते, तरी आणखी दोन वर्षे गेली! अमायलॉइडवरचे सगळेच संशोधन त्यामुळे खोटे ठरत नाही, हे मान्य. पण माझी आई अबोलीचा वळेसर आजही सुबक करते आणि तो देवाला वाहायचा हे विसरून पुन्हा सोडवत बसते. अशा घरांत 'नव्या शोधा'चे प्रत्येक कात्रण जपून ठेवतात. शोधाची बातमी ज्या पानावर छापता, त्याच पानावर तो मागे घेतल्याचीही छापावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, डिचोली