खांदा मोकळा केला, पुढे काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझ्या पत्नीला मधुमेह आहे. तिचा जखडलेला खांदा गेल्या वर्षी नागपुरात दुर्बिणीच्या ऑपरेशनने मोकळा केला. ऑपरेशन उत्तम झालं, पण सुट्टीच्या कार्डावर पुढच्या उपचाराबद्दल एकच शब्द होता, ‘फिजिओथेरपी’. ती कुठे करायची, हे कोणी सांगितलं नाही. आमच्या तालुक्यात ती सोय नाही.

चाळिशी ते साठीच्या दरम्यान, त्यातही बायकांमध्ये आणि शुगरच्या रुग्णांमध्ये हा त्रास जास्त आढळतो. सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन आकसतं, मग वेणी घालणं, पाठीमागे हात नेणं जमत नाही. आपल्याकडे ‘कापूस वेचणीनं खांदा धरला’ म्हणून तेल चोळत महिने काढतात. बऱ्याच जणांचा खांदा इंजेक्शन आणि व्यायामाने हळूहळू सुटतो. नाहीच सुटला तर भूल देऊन हात फिरवतात किंवा आकसलेलं आवरण दुर्बिणीतून कापतात. ब्रिटनमधल्या ३५ रुग्णालयांत ५०३ रुग्णांवर या तिन्ही मार्गांची तुलना झाली, ती २०२० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. एकही मार्ग बाकीच्यांपेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही. आणि व्यायाम तिन्हींत होताच, ऑपरेशनवाल्यांनाही.

ऑपरेशननंतर हात झोळीत बांधून ठेवला तर आवरण पुन्हा आकसू शकतं. म्हणून हालचाल लगेच, बहुधा दुसऱ्याच दिवशी सुरू करायची असते: वाकून हात लोंबता झुलवणं, भिंतीवर बोटं चढवत नेणं, काठी धरून हात बाहेर वळवणं. दुखतं, म्हणून घरचे दयेपोटी ‘राहू दे’ म्हणतात. तिथे जाणकार माणूस समोर लागतो. किती दुखलं तर चालेल आणि कुठे थांबायचं, हे कागद सांगत नाही. त्यासाठी आम्हाला यवतमाळ गाठावं लागलं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असलं तरी मजुरी पूर्ण बुडते, आणि सोबत येणाऱ्याचीही. किती जणी ते महिनोन्‌महिने करू शकतील?

माझी आरोग्य विभागाला कळकळीची विनंती आहे की जिल्हा रुग्णालयातले फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एक दिवस, तोही बाजाराच्या दिवशी, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात बसवावेत. बायका त्या दिवशी तालुक्याला येतातच. ऑपरेशन करणाऱ्या रुग्णालयांनीही रुग्णाला सोडण्याआधी व्यायाम घरच्या माणसासमोर करून घ्यावेत आणि चित्रांसह मराठीत लिहून द्यावेत.

आपला,
एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ