मिरजेच्या चाचांना, बाबांच्या गिटारच्या नटबद्दल

चाचा, नमस्कार. मोबाईलवरचं तुम्ही वाचत नाही म्हणालात, पण नातू वाचून दाखवेल म्हणून इथेच लिहितोय.

तुमच्याकडून आल्यापासून बाबा रोज संध्याकाळी गिटार घेऊन बसतायत, काल तर आई म्हणाली आता पुरे, म्हणजे बघा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही हवाईयन गिटार, मांडीवर आडवी ठेवून डाव्या हातातला स्टीलचा रॉड तारांवर फिरवायचा. तारा पडद्यांना टेकवायच्याच नसतात, म्हणून नट (नाटकातला नव्हे, चाव्यांच्या अलीकडची ती पट्टी) मुद्दाम उंच असतो. बाबांनी 1968 ला कलकत्त्याहून मागवलेली, गिटारवादक वॅन शिप्लेंच्या रेकॉर्डी ऐकून ऐकून शिकले. मागच्या वर्षी नटची कड उडाली आणि तार खाचेत राहीना, म्हणून पुण्यात एका दुकानात दिली. त्या पठ्ठ्यांनी काय करावं? "तारा फारच वर होत्या" म्हणून नवा प्लॅस्टिकचा नट बसवून साध्या गिटारएवढा खाली आणला, वर 1800 रुपये घेतले, आणि आता रॉड ठेवला की पडद्यांवर खडखड! दुसऱ्या दुकानातला मला म्हणतो, शोकेसमध्ये ठेवा सर, भारी दिसेल. बाबा शेजारीच उभे होते हो.

मग मिरजेला, तुमच्या सतारमेकर गल्लीत आम्ही बिचकतच शिरलो, सतार-तंबोऱ्याच्या माणसाला हे कसं दाखवायचं म्हणून. मी नेहमीप्रमाणे सगळं सांगायला लागलो तर तुम्ही हात वर करून मला थांबवलंत आणि विचारलंत, "वाजवणारा कोण?" मग उठून बाबांच्या समोर खाली बसलात, त्यांना कमी ऐकू येतं हे तुमच्या लगेच लक्षात आलं बहुतेक, गिटार त्यांच्या मांडीवर ठेवलीत आणि कानाशी येऊन म्हणालात, "काका, तुम्हाला कशी पाहिजे?"

एवढंच. पण चाचा, वर्षभरात बाबांना हे कुणी विचारलंच नव्हतं, मी पण नाही. त्यानंतर ते जे बोलायला लागले, उंची किती, जाड तारेची खाच खोल आणि बारीक तारेची उथळ म्हणजे सगळ्या तारा वरून एका पातळीत आणि रॉड सगळ्यांना सारखा टेकतो, हे सगळं मीसुद्धा पहिल्यांदाच ऐकत होतो. उंटाच्या हाडाचा नट तुम्ही कसा घासलात ते मला नीटसं कळलं नाही, पण शेवटी रॉडखाली एकेका तारेवर पेपरचा कपटा सरकवून कुठली तार खाली राहिली ते बघत होतात आणि दर वेळी मान वर करून बाबांकडे बघत होतात, ते विसरणार नाही. ते हो म्हणेपर्यंत कानस खाली ठेवली नाहीत.

मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय टॅग (वस्तू त्याच गावची खासियत, अशी सरकारी नोंद) मिळाला, माणसांना द्यायची सोय नाही बहुतेक. तीनशेच्या वर एक रुपया घेतला नाहीत, आणि तुटका जुना नट कागदात गुंडाळून दिलात तोही माझ्या नाही, बाबांच्या हातात.

बाबा म्हणतायत पुढच्या महिन्यात तारा बदलायच्यात, मिरजेलाच जाऊ. तारा घरी बदलता येतात हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहितीये. मी रविवारचं तिकीट बघतोय.