आधी तासागणिक मोजा, मग पार्किंग बांधा

संपादक महोदय,

विद्यापीठाच्या आवारात सकाळी दहाला गाडी लावायला जागा नसते, म्हणून बहुमजली पार्किंग बांधा, अशी मागणी वरचेवर होते. त्रास खरा आहे. पण जागाच कमी आहे की ठरावीक ठिकाणी, ठरावीक तासांनाच गर्दी होते, हे मोजल्याशिवाय कळत नाही आणि मोजणी बहुधा अर्धवट होते.

फाटकातून किती गाड्या आत आल्या, एवढ्या आकड्याने काहीच हाती लागत नाही. सत्र सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले की परीक्षा आणि सुट्ट्या टाळून मंगळवार ते गुरुवारमधले दोन दिवस घ्यावेत. सकाळी 8 ते संध्याकाळी 6 दर तासाला प्रत्येक पार्किंगमध्ये फेरी मारून गाड्यांच्या नंबरातले शेवटचे चार आकडे टिपावेत, दुचाकी आणि चारचाकी वेगवेगळ्या. कुठली जागा कधी भरते आणि एकेक गाडी किती वेळ उभी राहते, दोन्ही त्यातून निघते. फाटकाबाहेर, आजूबाजूच्या गल्ल्यांत लावलेल्या गाड्याही याच तक्त्यात हव्यात. त्या वगळल्या तर मागणी उपलब्ध जागेपेक्षा जास्त कधी दिसणारच नाही!

सरासरीही फसवते. ग्रंथालयाजवळचे पार्किंग गच्च, मैदानापलीकडचे तेवढेच मोठे पार्किंग निम्मे रिकामे. अहवालात मात्र 75 टक्के. साधारण 85 टक्के भरले की ते पार्किंग भरले असेच धरावे. त्यापुढे जागा शोधत घिरट्या घालणाऱ्या गाड्याच रस्ता अडवतात.

हिशेब सोपा आहे: ताशी येणाऱ्या गाड्या गुणिले सरासरी मुक्काम. ताशी 120 गाड्या अडीच तास थांबल्या तर 300 जागा लागतात, दोन तास थांबल्या तर 240 पुरतात. सकाळची बॅच निघायच्या आत दुपारची येऊन थडकते, तेव्हा खरी कोंडी होते. दुपारचे तास अर्ध्या तासाने पुढे नेले, तर एक वीटही न रचता ती बरीच सुटते. पार्किंगचा वर्षाचा एकरकमी पास याच्या उलट काम करतो. पैसे भरलेलेच असतात, मग गाडी रोज येते. शुल्क रोजच्या रोज घेतले तर आठवड्यातून दोन दिवस बसने येणाऱ्याचे पैसे वाचतात.

अर्थात त्यासाठी बस हवी, आणि शेवटची बस ग्रंथालय व प्रयोगशाळा बंद झाल्यानंतरची हवी. रात्री परतीची खात्री नसेल तर माणूस सकाळीच गाडी काढतो. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने 1991 मध्ये सवलतीचा बस-पास आणला, त्याच वेळी पार्किंगचे दरही वाढवले. नुसता पास किंवा नुसती दरवाढ यापेक्षा दोन्ही एकत्र अधिक उपयोगी पडतात.

ये-जा करायच्या वाटेसह एका मोटारीला 25 ते 30 चौरस मीटर जागा लागते. म्हणजे 200 मोटारींना साधारण सव्वा ते दीड एकर. एवढी जमीन किंवा तेवढे मजले मंजूर करण्याआधी विद्यापीठांनी पार्किंगनिहाय, तासागणिक तक्ता जाहीर करावा आणि तो पाहून हरकती मागवाव्यात.

– वाहतूक नियोजन क्षेत्रातील एक वाचक